नवी बॅटरी घेण्याआधी ट्रॅक्टरचा करंट कुठं जातो ते बघा



रब्बी आटोपली की ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहतो आणि कापूस लागवडीच्या ऐन घाईत सेल्फ नुसतं कट-कट करतं. लगेच नवी बॅटरी घेऊ नका. दोष दुसरीकडे असेल तर नवीही तशीच बसेल. साधा मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. त्यावर तीन तपासण्या करा.

*१) बॅटरी:* ट्रॅक्टर रात्रभर बंद ठेवा. सकाळी मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून दोन्ही टर्मिनलला लावा. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२ म्हणजे उतरलेली. उतरली असेल तर चार्ज करून केबल काढून ठेवा. तरीही एक-दोन दिवसांत बसली, तर बॅटरीच गेली.

*२) चार्जिंग:* इंजिन चालू करून थोडी रेस द्या. १३.८ ते १४.४ ठीक. आकडा वाढलाच नाही तर पट्टा सैल, वायर ढिली किंवा अल्टरनेटरचे कार्बन झिजलेले. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर खराब. बॅटरीचं पाणी आटत राहील.

*३) गळती:* चावी बंद, लाइट बंद. मायनस केबल काढा. मीटर १० अँपिअरवर ठेवून एक टोक केबलला, दुसरं मायनस टर्मिनलला लावा. आकडा ०.०५ च्या आत हवा. अर्धा अँपिअर गळती असली तरी ७५ अँपिअरची बॅटरी आठवडाभरात रिकामी होते. एकेक फ्यूज काढत जा. ज्यानं आकडा पडेल त्या लाइनीत दोष.

जुन्या गाड्यांत नेहमी सापडणारे दोष: चावी सोडून थेट बॅटरीला जोडलेला टेप किंवा फोकस, उंदरानं कुरतडलेली वायर, अल्टरनेटरचा बिघडलेला डायोड, डायनॅमोवाल्या ट्रॅक्टरला कटआउटचे चिकटलेले पॉइंट.

⚠️ गळती तपासताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल. बॅटरीजवळ बिडी-काडी नको. केबल काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

मे महिन्यात आपल्या जळगाव-धुळ्यात पारा ४४-४५ वर जातो, बॅटरीचं पाणी लवकर आटतं. पंधरा दिवसांनी पाहा, फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. ट्रॅक्टर जास्त दिवस उभा राहणार असेल तर मायनस केबल काढून ठेवा.

मेकॅनिककडे जाताना तिन्ही आकडे लिहून न्या. मग "बॅटरी बदला" म्हटलं तर का, ते विचारता येईल.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी