वार एक की दोन?

सोनोग्राफीसाठी आत घेण्याआधी गरोदर बाईकडून ‘फॉर्म एफ’ भरून घेतात. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्याखालचा हा फॉर्म. तपासणी कोणत्या कारणासाठी चालली आहे, याची एक यादी त्यात छापलेली असते. गर्भ किती आहेत आणि त्यांची ‘कोरिऑनिसिटी’ काय आहे ते पाहणं, हे त्या यादीतलं एक कारण. जुळ्यांना मिळून एकच वार आहे की प्रत्येकाला स्वतंत्र, असा त्याचा अर्थ. सरकारी फॉर्मात ज्याला जागा आहे, ते हातात पडलेल्या रिपोर्टात मात्र कधी कधी सापडत नाही. ‘जुळी आहेत, दोन्ही बाळांचे ठोके चांगले आहेत’ यावर रिपोर्ट संपतो आणि घरात पेढे वाटले जातात.

जुळ्यांच्या बाबतीत पुढे जे वैद्यकीय दावे उभे राहू शकतात, त्यांतल्या अनेकांचं मूळ या न लिहिलेल्या ओळीत असतं, असं माझं ठाम मत आहे.

दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांना आपापली वार असते. एकाच बीजाचे दोन भाग झाले, तर ते किती दिवसांनी झाले यावर सगळं ठरतं. पहिल्या तीनेक दिवसांत झाले तर वारा दोन, त्यानंतर आठवडाभरात झाले तर वार एक आणि पिशव्या दोन. त्याहून उशीर झाला तर वारही एक आणि पिशवीही एकच. या शेवटच्या प्रकारात दोन्ही नाळा एकमेकींत अडकतात, म्हणून बाळंतपण बहुधा बत्तीस ते चौतीस आठवड्यांत सिझेरियनने उरकतात.

हे ओळखण्याची उत्तम वेळ अकरा ते चौदा आठवडे. दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे मिळतो, तिथे तपासणारा नजर लावतो. वारा दोन असतील तर त्या जागी वारेचाच एक त्रिकोणी कोंब पडद्यात घुसलेला दिसतो. वार एकच असेल तर पातळ पडदा येऊन काटकोनात टेकतो, इंग्रजी ‘टी’सारखा. पुढे वार वाढते, त्रिकोण पुसट होत जातो आणि विसाव्या आठवड्यात हेच काम अवघड होऊन बसतं. म्हणून पहिल्या स्कॅनचा तो फोटो फाइलमध्ये जपून ठेवायला हवा.

एका वारेवरच्या जुळ्यांमध्ये दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा देवाणघेवाण सारखी राहते. शंभरातल्या दहा ते पंधरा गरोदरपणांत ती बिघडते आणि एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहतं. देणाऱ्याची लघवी कमी होते, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं, मूत्राशय दिसेनासं होतं. घेणाऱ्याभोवती पाणी साचत जातं आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. एका पिशवीत पाण्याची खोली दोन सेंटिमीटरच्या आत आणि दुसरीत आठच्या वर गेली की धोक्याची घंटा वाजलीच. हे सगळं काही दिवसांत होऊ शकतं. म्हणूनच एका वारेच्या जुळ्यांची सोनोग्राफी सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी करायची असते. वारा दोन असतील तर साधारण महिन्याने चालतं. वार एक की दोन हेच लिहिलं नसेल, तर पंधरा दिवसांनी बोलवायचं की महिन्याने, हे कशावरून ठरवणार?

आईलाही काही कळत असतं. चार दिवसांत पोट एकदम ताणतं, आडवं झालं की धाप लागते. ती सांगते तेव्हा घरचे म्हणतात, ‘जुळी आहेत, पोट मोठं दिसणारच.’ हेच वाक्य दवाखान्यातही ऐकायला मिळालं आणि त्या दिवशी तपासणी झाली नाही, तर पुढे दाव्यात तीच तारीख महत्त्वाची ठरते.

आपल्याकडची आणखी एक रीत इथे आड येते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की मुलगी माहेरी जाते. डॉक्टर बदलतात, सोनोग्राफीचं केंद्र बदलतं आणि जुनी फाइल पुष्कळदा सासरच्या कपाटातच राहते. नव्या डॉक्टरांपुढे शेवटचा एक रिपोर्ट असतो. कोणतं बाळ आधी लहान होतं, फरक किती वेगाने वाढला, हे त्या एका कागदावरून कळत नाही. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण किंमत बाळं मोजतात.

आता न्यायालयाकडे वळू. कोकणातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचं हाड मोडलेला एक तरुण पुण्यात उपचारांदरम्यान दगावला. वडिलांनी लढवलेल्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, उपचार कोणता द्यायचा हे ठरवताना काळजी आणि तो देताना काळजी. १९९५ मध्ये ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालाने पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. सगळ्यांना मोफत सेवा देणारी रुग्णालयं त्यातून बाहेर राहिली. तिथे दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय हे मार्ग उरतात. बाळाच्या उपचारांत चूक झाली तर बाळ आणि आईवडील दोघंही ग्राहक ठरतात, हे १९९८ मध्ये स्पष्ट झालं. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावायचा तर चूक फारच ढोबळ असावी लागते, असं २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल सांगतो आणि ते योग्यच आहे.

न झालेल्या तपासणीकडे न्यायालय कसं पाहतं, यासाठी मला २०१५ चा एक निकाल फार महत्त्वाचा वाटतो. बाळ जुळं नव्हतं, पण जुळ्यांना सर्रास भेडसावणारा प्रश्न त्यात होता, अपुऱ्या दिवसांचा जन्म. चेन्नईत १९९६ साली एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेली साडेबाराशे ग्रॅमची ती मुलगी. अशा बाळांच्या डोळ्यांचा पडदा ठरावीक आठवड्यांत तपासावा लागतो. वेळीच दोष सापडला तर दृष्टी वाचू शकते. पालकांना ते कुणी सांगितलं नाही आणि मुलगी आंधळी झाली. राष्ट्रीय आयोगाने पाच लाख दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या आयुष्यभराच्या खर्चाचा आणि महागाईचा हिशेब मांडून भरपाई सुमारे एक कोटी ऐंशी लाखांवर नेली. करायची तपासणी न करणं आणि ती करायची असते हे पालकांना न सांगणं, या दोन्हींची जबाबदारी तिथे ठरली.

जुळ्यांच्या दाव्यात खरी लढाई होते ती कार्यकारणावर. निदान चुकलं हे दाखवून भागत नाही, त्या चुकीमुळेच नुकसान झालं हे सिद्ध करावं लागतं. रुग्णालयाचे वकील विचारतात, वेळेत कळलं असतं तरी बाळं वाचली असती कशावरून? याला उत्तर आहे, पण सरळ नाही. वारेतल्या जोडरक्तवाहिन्या दुर्बिणीतून लेसरने बंद करतात. युरोपातल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. लेसर केलेल्या गटात निदान एक तरी बाळ अठ्ठावीस दिवस जगण्याचं प्रमाण ७६ टक्के होतं, नुसतं जादा पाणी काढलेल्या गटात ५६. म्हणजे उपचार आहे, उपयोगी आहे, पण हमी नाही. त्यातून हा लेसर आपल्या देशात मोजक्याच शहरांत होतो. त्यामुळे वेळेवर मोठ्या केंद्रात पाठवलं होतं का, हाच प्रश्न निर्णायक ठरतो.

आणि सगळं येऊन थांबतं कागदांवर. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात आणि मागितल्यावर बहात्तर तासांत द्याव्या लागतात. कागद रुग्णाला नाकारता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं आहे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं. मेंदूला इजा झालेलं बाळ मान धरत नाही, बसत नाही, हे ध्यानात येईपर्यंत त्यातले बरेच महिने निघून जातात. नुकसान उशिरा कळलं असेल तर मुदत तिथून मोजता येते, पण त्रास होत असताना चौकशी केली नाही तर ती सवलत मिळत नाही. पोटात राहिलेल्या गॉझबद्दल गोव्यातल्या एका परिचारिकेने केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात २०१० मध्ये याच मुद्द्यावर फेटाळला गेला.

बाळ गेलं म्हणजे डॉक्टर चुकलेच, असं मी मुळीच म्हणणार नाही. सगळं काटेकोर पाळूनही एका वारेची बाळं दगावतात. ज्या डॉक्टरांनी पहिल्या स्कॅनला वार लिहिली, धोका समजावून सांगितला, पुढच्या तारखा दिल्या आणि शंका येताच चिठ्ठी देऊन पुढे पाठवलं, त्यांच्या बाजूने तोच कागद उभा राहतो.

तुमच्या घरात जुळ्यांचे दिवस राहिले असतील तर चौदावा आठवडा उलटण्याआधी रिपोर्ट उघडून बघा. वार एक की दोन ते लिहिलेलं नसेल, तर त्याच दिवशी परत जा, विचारा आणि लिहून घ्या. माहेरी जाताना पूर्ण फाइल बरोबर न्या.