चिकाचा घाणा

कुरडयांसाठी गहू भिजत घातला की घराचं वेळापत्रक गव्हाच्या हाती जातं. तीन दिवस भिजवण, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटण. पाणी बदलण्याचं काम धाकट्या लेकीकडे. दुसऱ्या दिवसापासून आंबूस वास सुटतो, वर बुडबुडे दिसतात. दाणा चिमटीत दाबल्यावर पांढरं दूध सुटलं की ती ओरडून सांगते.

आमची दोन्ही मुलं शाळेत न जाता घरीच शिकतात. उन्हाळ्यातलं वाळवण हा त्यांच्या अभ्यासाचा मोठा भाग. एखादी पोळी लाटायला दिली तर मूल भातुकली खेळतं; वर्षभराच्या कुरडया करायच्या म्हटल्यावर त्याच्या हातांची खरोखर गरज लागते. ही गरज मुलांना लगेच कळते. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उत्पादक कामातून शिक्षणाचा विचार मांडला, तो मला पुस्तकापेक्षा या परातीपाशी जास्त पटला.

वाटलेला गहू पिळून, गाळून घेतला की हातात चिवट चोथा राहतो. खालचं पांढरं पाणी रात्रभर हलवायचं नाही. सकाळी तळाशी घट्ट चीक आणि वर पिवळसर निवळ. साखर विरघळते, मग हा का नाही विरघळत, असं मोठ्या मुलाने विचारलं. उत्तर देण्याआधी दोन पेले पुढे ठेवले. एकात साखर, दुसऱ्यात चीक, दोन्हीत गार पाणी. ढवळून तो वाट बघत बसला. पिष्टाचे कण गार पाण्यात विरघळत नाहीत आणि पाण्याहून सुमारे दीडपट जड असतात, हे नंतर सांगितलं, तेव्हा त्याला ते आधीच दिसलेलं होतं.

मग माप. निवळ ओतून दिली की जितका चीक तितकंच पाणी उकळायला ठेवायचं, त्यात मीठ आणि हिंग. चीक ओतणं आणि घाटणं मोठ्यांचंच काम, कारण तो उसळून अंगावर उडतो. साधारण 60 अंशांच्या आसपास कण फुगू लागतात आणि दुधाळ पातळ रस बघता बघता दाटतो. हात थांबला की गुठळी. शिजला की काचेसारखा चमकतो. धाकटी चव घेऊन म्हणते, ‘आई, अळणी आहे.’ असायलाच हवा. पाणी उडून गेलं की तेवढंच मीठ थोड्या वजनात राहतं.

सोऱ्या चीक गरम असतानाच दाबावा लागतो. तो मी भरते, मुलं दोघं मिळून दाबतात. गच्चीवरच्या प्लास्टिकवर पहिल्या कुरडया वेड्यावाकड्या पडतात, मी त्या सरळ करत नाही. तळताना त्याही तितक्याच फुलतात. दुसऱ्या दिवशी उलटायच्या. मोडून कट्‌ आवाज आला तरच डब्यात, नाहीतर बुरशी धरते.

डब्यावरची चिठ्ठी मोठा लिहितो: तारीख, किती किलो गहू, किती मीठ. आजीचा आणि आत्याचा वाटा काढणं धाकटीकडे. मोडक्या कुरडया कोणाच्या वाट्याला घालायच्या यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही.