व्हॉल्व्हचा आवाज आणि चारशे व्होल्ट

व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांच्या घरी होता, त्यांना ते वाट पाहणे आठवत असेल. खटका दाबायचा, आतला केशरी उजेड हळूहळू वाढायचा आणि मग कुठे बातम्या खोलीत ऐकू यायच्या. ट्रान्झिस्टर आला आणि हे रेडिओ माळ्यावर गेले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एकेकाळी असे व्हॉल्व्ह बनत, हेही आता फारसे कुणाच्या लक्षात नाही. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांनी मात्र व्हॉल्व्ह कधी सोडलाच नाही. उलट १९५०-६०च्या दशकांतल्या ॲम्प्लिफायरच्या प्रतिकृती हाताने तारा जोडून बनवणाऱ्या छोट्या कार्यशाळा अमेरिका आणि ब्रिटनमध्ये उभ्या राहिल्या. त्यांच्या पेटीला कारखान्यातल्या साध्या ॲम्प्लिफायरच्या कितीतरी पट किंमत मिळते. सुटे भाग मागवून घरच्या टेबलावर स्वतः जोडणारे हौशीही पुष्कळ आहेत. हाताने जोडलेला म्हणजे आवाज चांगला, ही यामागची श्रद्धा. ती अर्धीच खरी आहे. आणि जुन्याची नक्कल सरसकट केली, तर ती जिवावर बेतू शकते.

नक्कल करण्याची परंपरा तशी जुनीच. अमेरिकेतल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करत. पुढे त्यांच्या कारखान्यातून बासमन नावाचा ॲम्प्लिफायर बाहेर पडला. त्याची १९५०च्या दशकाच्या अखेरची आवृत्ती आजही सर्वाधिक नकलली जाते. लंडनच्या हॅनवेल भागात ड्रम शिकवणारे जिम मार्शल वाद्यांचे दुकान चालवत. परदेशी फेंडर गिऱ्हाइकांना परवडत नसे, म्हणून १९६२मध्ये त्यांच्या माणसांनी बासमनचाच नकाशा समोर ठेवून नवा ॲम्प्लिफायर जोडला. तोच जेटीएम-४५. नकाशा जवळपास तोच, पण ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमध्ये मिळणारे, स्पीकर वेगळे, त्यांची पेटी मागून बंद आणि पहिल्या टप्प्यातला व्हॉल्व्ह दुपटीहून अधिक वर्धन करणारा. आवाज बदलला आणि रॉक संगीताला त्याचा ओळखीचा गुरगुराट मिळाला.

या गुरगुराटाचे शास्त्र रंजक आहे. गाणे ऐकण्याच्या यंत्राने मूळ आवाज बिघडवू नये, अशी अपेक्षा असते. गिटारच्या ॲम्प्लिफायरची किंमत मात्र तो आवाज किती छान बिघडवतो यावर ठरते. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन निघतात, निर्वातातून धनाग्राकडे धावतात आणि मधली जाळी त्यांना अडवते किंवा सोडते. जाळीवर गिटारचा क्षीण संदेश दिला की तोच मोठा होऊन बाहेर येतो. संदेश झेपण्यापलीकडे गेला की लहरीचा माथा कापला जातो. ट्रान्झिस्टरच्या नेहमीच्या मंडलात तो सुरीने कापल्यासारखा सपाट होतो, तर व्हॉल्व्हमध्ये आधी दबतो, गोलावतो आणि मग कापला जातो. या कापाकापीतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वर जन्म घेतात. मूळ स्वर षड्ज मानला, तर दुप्पट म्हणजे तार षड्ज आणि तिप्पट म्हणजे तार पंचम. म्हणजे जवळच्या नात्यातलेच स्वर, म्हणून कानाला गोड. काप जितका तीक्ष्ण, तितके त्याहून वरचे, कर्कश स्वर वाढतात.

व्हॉल्व्ह फक्त समपटीचे गोड स्वर निर्माण करतो, असे नेहमी सांगितले जाते. ते तितकेसे खरे नाही. बासमन किंवा जेटीएम-४५मध्ये शेवटच्या टप्प्यात दोन मोठे व्हॉल्व्ह आळीपाळीने ढकल-ओढ करतात आणि या जोडणीत त्या टप्प्यावर निर्माण होणारे समपटीचे स्वर बऱ्याच अंशी एकमेकांना खोडतात. आवाज घडतो तो साऱ्या साखळीतून: सुरुवातीचे छोटे व्हॉल्व्ह, जोरात वाजवल्यावर किंचित खाली बसणारा वीजपुरवठा, ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा आणि शेवटी कागदी पडद्याचा स्पीकर. यातला स्पीकर बदलला, तरी वादकाला पेटी बदलल्यासारखे वाटते.

मग हाताने जोडलेल्या तारांचे काय? विजेला तार आणि छापील पाटीवरची तांब्याची पट्टी यांत फारसा भेद नाही. किमती त्याच, ट्रान्सफॉर्मर तोच आणि मांडणी विचारपूर्वक केलेली असेल, तर छापील पाटीवरचा ॲम्प्लिफायर आवाजात कमी पडण्याचे कारण नाही. कोणती तार कुणाच्या शेजारून जाते, याला मात्र महत्त्व आहे. बाहेर जाणारी तार आत येणाऱ्या तारेलगत गेली, तर पेटी गुणगुणते, कधी शिट्टी घालते. हाताच्या जोडणीचा खरा फायदा दुरुस्तीत आहे. स्वस्त पेट्यांमध्ये व्हॉल्व्हची बैठक छापील पाटीवरच बसवतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तिथले डाख सुटतात आणि भाग बदलताना पट्टीच उखडते. हाताने जोडलेल्या पेटीत दोन डाख वितळवले की खराब भाग हातात येतो. साठ वर्षांपूर्वीच्या पेट्या आजही वाजतात, त्या यामुळेच.

त्या जुन्या पेट्यांतले सगळेच मात्र नकलण्याजोगे नव्हते. फेंडरच्या पेट्यांत भाग बसवायला काळ्या फायबरची पाटी असे. ती दमट हवेत ओलावा धरते आणि मग नको तिथून वीज झिरपू देते. कोकणातल्या पावसाळ्यात तिचे काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. म्हणून आजचे जाणते कारागीर काच-इपॉक्सीची पाटी घेतात.

त्याहून गंभीर गोष्ट प्लगची. त्या काळच्या अनेक अमेरिकी ॲम्प्लिफायरना दोन पिनांचाच प्लग होता, अर्थिंग नाही. घरघर कमी करण्यासाठी वीजवाहिनी आणि धातूचा सांगाडा यांच्यामध्ये एक कपॅसिटर जोडलेला असे. तो बिघडून आरपार झाला की सांगाड्यात थेट वीज येते. गिटारच्या तारा त्याच सांगाड्याला जोडलेल्या असतात. वादकाचा एक हात तारांवर आणि ओठ अर्थिंग असलेल्या मायक्रोफोनला, म्हणजे वीज छातीतून जाणार. सदोष अर्थिंग नेमके काय करते, हे जगाने पाहिले आहे. मे १९७२मध्ये स्टोन द क्रोज या गटाचा गिटारवादक लेस हार्वे वेल्समधल्या स्वान्झी इथे मंचावर मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने गेला. मे १९७६मध्ये यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ घरी गिटार वाजवताना तसाच गेला. त्या कपॅसिटरला कारागिरांच्या बोलीत मरणाचा कपॅसिटर म्हणतात. प्रतिकृती कितीही तंतोतंत असो, तो वगळून तीन पिनांची वायर लावलीच पाहिजे.

पेटी उघडणाऱ्याला आणखी एक धोका आहे. आतल्या मोठ्या व्हॉल्व्हना चारशेहून अधिक व्होल्टचा एकदिश दाब लागतो. या दाबाला शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो, म्हणजे चालू पेटीत एका हातातून दुसऱ्या हातात ४०० मिलिॲम्पिअर जाऊ शकतात. हृदयाची लय बिघडायला त्याहून बरेच कमी पुरतात. वीज तोडली तरी सुटका नाही. मोठे कपॅसिटर दाब धरून ठेवतात. ४० मायक्रोफॅरड आणि ४३० व्होल्ट धरले तर सुमारे ३.७ ज्यूल. त्याने हात असा झटकला जातो की माणूस मागे कोलमडावा. म्हणून प्लग काढल्यावर ते कपॅसिटर योग्य रोध लावून रिकामे करायचे आणि मीटरवर शून्याजवळचा आकडा दिसल्याशिवाय हात घालायचा नाही. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून ते रिकामे करणे हे शौर्य नव्हे. चालू पेटीत मोजायची वेळ आलीच, तर एक हात खिशात ठेवावा. नवी पेटी पहिल्यांदा चालू करताना मध्ये सिरीज बल्ब घालावा. आपल्याकडचे जुने रेडिओवाले तेच करत. बल्ब भगभगीत पेटला की आत कुठेतरी शॉर्ट आहे.

उरला कानांचा प्रश्न. मोठ्या व्हॉल्व्हना तो गुरगुराट येतो तो आवाज जवळपास पूर्ण वाढवल्यावर, म्हणून घरात वाजवणारे लहान पेटी घेतात. पण ५० वॉटऐवजी ५ वॉट घेतले, तर आवाज फक्त १० डेसिबलने उतरतो. कानाला तो साधारण निम्मा वाटतो, दशांश नव्हे. गिटारचा बरा स्पीकर एका वॉटला, एका मीटरवर ९७ डेसिबल सहज देतो. ५ वॉटला तो १०४च्या घरात जातो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. त्या हिशेबाने लहानशा पेटीपुढेही, कानात बोळे न घालता, दिवसाकाठी साडेसात मिनिटेसुद्धा मिळत नाहीत.