जुना ट्रॅक्टर आणि कुट्टी यंत्र

उसाचे पाचट, तुराट्या, धुऱ्यावरच्या बाभळीच्या फांद्या पेटवून देण्यापेक्षा त्यांची कुट्टी करून रानात टाकलेली बरी, हे आता आपल्या वाशिम-रिसोड भागातही पटू लागले आहे. प्रश्न येतो घरच्या जुन्या ट्रॅक्टरचा. यंत्र त्याला जोडता येते, पण आधी क्लच पाहा.

जुन्या ट्रॅक्टरला बहुधा एकेरी क्लच असतो. तो दाबला की इंजिन सुटते, पण पी.टी.ओ. आणि चाके गिअरपेटीत एकमेकांना जोडलेलीच राहतात. यंत्राची जड चकती मात्र गरगरत असते. ती उलट ट्रॅक्टरलाच पुढे रेटते. या ढिगावरून त्या ढिगाकडे जाताना क्लच दाबूनही गाडी थांबत नाही, अन् पुढे माणूस उभा असला तर विचारूच नका!

यावर ओव्हररनिंग कपलिंग मिळते. सायकलच्या फ्रीव्हीलसारखेच त्याचे काम : जोर पुढे जातो, मागे येत नाही. पी.टी.ओ.चा दांडा सहा खाचांचा, ३५ मिलिमीटरचा आहे का, हे मोजूनच दुकानात जा. कपलिंगने लांबी वाढते. म्हणून यंत्र वर-खाली करून पाहा. सरकता जोडदांडा कुठेही आत टेकला तर बेअरिंग गेलेच म्हणा.

पी.टी.ओ. मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. उपरण्याचे टोक अडकले तर सोडवायला सवड नाही, तेव्हा दांड्यावरचे संरक्षक नळकांडे काढू नका. आणि कपलिंग बसवल्यावर पी.टी.ओ. बंद केला तरी चकती बराच वेळ फिरते. ती पुरती थांबेपर्यंत यंत्राच्या तोंडात हात घालू नये.