धक्कालहरींनी मुतखडा फोडताना वेदना कशी आवरावी?

उन्हातान्हात राबणारी, दिवसभर घाम गाळणारी आणि पाणी मात्र कमी पिणारी माणसे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. साहजिकच मुतखड्याचे रुग्णही पुष्कळ. खडा दोन सेंटिमीटरच्या आतला व सोयीच्या जागी असेल, तर डॉक्टर बरेचदा लिथोट्रिप्सी सुचवतात. यात चिरफाड नसते. यंत्रातून निघणाऱ्या धक्कालहरी शरीराबाहेरून खड्यावर केंद्रित केल्या जातात, खड्याचे बारीक तुकडे होतात आणि ते लघवीवाटे पडतात. परंतु टाके नाहीत म्हणजे दुखणारही नाही, असे समजून कोणी निर्धास्त जातो, तर कोणी ऐकीव गोष्टींना घाबरून तारीखच टाळतो. दोन्ही योग्य नव्हे.

हा उपचार माणसावर प्रथम ७ फेब्रुवारी १९८० रोजी जर्मनीतील म्युनिक येथे झाला. त्या काळी रुग्णाला भूल देऊन पाण्याच्या टाकीत बसवावे लागे. पुढे टाकी गेली, पाण्याची उशी असलेली यंत्रे आली, लहरींचा मारा सौम्य झाला आणि बहुतेकांना पूर्ण भुलेची गरज उरली नाही. मात्र सौम्य यंत्रांवर काहींना पुन्हा एकदा उपचार घ्यावा लागतो, हेही खरे.

वेदना दोन ठिकाणची असते. लहर आत शिरते तेथील कातडी व बरगडी यांना ताणलेले रबर सोडल्यासारखा फटका बसतो. दुसरी वेदना खोल, मूत्रपिंडाच्या आवरणातली. एका बैठकीत साधारण दोन ते चार हजार धक्के देतात. मिनिटाला साठ या गतीने तीन हजार धक्क्यांना पन्नास मिनिटे लागतात. तेवढा वेळ स्थिर पडून राहावयाचे असते. दुखले की माणूस आक्रसतो, श्वास वरखाली होतो, श्वासाबरोबर मूत्रपिंड सरकते आणि नेम चुकतो. मग धक्का खड्याऐवजी मूत्रपिंडाच्या मांसावर बसतो, किंवा यंत्राचा जोर कमी करावा लागून खडा शाबूत राहतो. म्हणून वेदनाशामक मागणे हा भित्रेपणा नाही. तो उपचाराचाच भाग आहे. जीवकाने राजगृहाच्या श्रेष्ठीचे मस्तक उघडण्यापूर्वी त्याला खाटेला बांधले होते, असे विनयपिटकात येते. रुग्ण हलू नये ही वैद्याची गरज तेव्हाही होतीच. आज दोरीऐवजी औषध आहे.

सर्वांत साधा उपाय डायक्लोफेनॅकचा. इंजेक्शन किंवा गोळी आधी देतात. गुंगी येत नाही, खर्च थोडा. परंतु मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल, पोटात अल्सर असेल किंवा अशा गोळ्यांनी दमा उठत असेल, तर ते वर्ज्य. पॅरासिटामॉल त्याहून निर्धोक, पण एकटे अनेकांना पुरत नाही.

फेंटानिल, पेथिडीन ही अफूच्या जातीची औषधे खोल वेदनेवर चांगली चालतात. त्यांनी मळमळते, झोप येते, क्वचित श्वास मंदावतो; म्हणून बोटाला प्राणवायू मोजणारे यंत्र लावलेले असावे आणि घरी नेण्यास सोबत कोणी असावे.

बधिर करणारे मलम तासभर आधी लावतात. ते फक्त कातडीची वेदना कमी करते. त्यावर फार भिस्त ठेवू नये.

पूर्ण भूल लहान मुलांना, फार घाबरणाऱ्यांना आणि स्थिर पडू न शकणाऱ्यांना उपयोगी. श्वास एकसारखा राहतो व नेम पक्का बसतो. मात्र आधी उपाशी राहावे लागते, भूलतज्ज्ञ लागतो आणि खर्च वाढतो; त्याची फी अंदाजपत्रकात धरली आहे का, हे विचारून घ्यावे.

प्रौढ माणसाचे मूत्रपिंड ठीक असेल तर डायक्लोफेनॅक, आणि न पुरल्यास हाताशी फेंटानिलची थोडी मात्रा, ही व्यवस्था मला सर्वांत समंजस वाटते. जोर हळूहळू वाढवण्याची विनंती जरूर करावी. ज्यांना आनापानाची सवय आहे त्यांना संथ श्वासाचा उपयोग होईल, परंतु औषधाऐवजी नव्हे. दुखले तर तोंडाने सांगावे, कूस बदलू नये.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगाव्यात. आपल्या मनाने बंद करू नयेत. गरोदरपणी हा उपचार करीत नाहीत. नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, तुकडे उतरताना कळ येते. त्यासाठी वेदनाशामक गोळ्या लिहून घ्याव्यात. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.