बिऱ्हाडाचें सामान आणि नुकसानभरपाई



बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग गृहस्थाला चुकत नाहीं. निवृत्तीनंतर मीं यवतमाळहून हिवरखेडास सामान आणविलें, तेव्हां ट्रक रात्रीं उशिरां दारांत आला. हमालांची घाई पाहून मीं कागदावर सही केली. सकाळीं पाहतों तों कुटुंबाच्या शिवणयंत्राचें चाक तुटलेलें! वाहतूकदारानें माझीच सही मजपुढें ठेविली. माल सुस्थितींत मिळाल्याची कबुली तींत होती. ज्या यंत्रानें मुलांच्या शिक्षणास हातभार लाविला, त्याची भरपाई माझ्या एका सहीनें बुडाली. ती टोंचणी अजून आहे.

आपल्या देशांत १८६५ सालचा वाहकांविषयींचा कायदा फार वर्षें चालला. त्याची जागा २००७ सालच्या रस्तावाहतुकीच्या कायद्यानें घेतली. तो १ मार्च २०११ पासून अमलांत आहे. दोहोंतील एक तत्त्व ध्यानांत ठेवावें. हानि वाहकाच्या हयगयीनें झाली, हें सिद्ध करण्याचा भार मालकावर नाहीं. कारण उघड आहे. वाटेंत माल वाहकाच्याच ताब्यांत असतो. तेथें काय घडलें तें मालकानें कसें सांगावें?

मात्र भरपाईला मर्यादा आहे. अधिक जोखमीचा दर कबूल केला नसेल, तर भाड्याच्या दहापट, आणि तीही नोंदविलेल्या किंमतीहून अधिक नाहीं. भाडें ८,००० रुपये असेल तर मर्यादा ८०,००० ची. परंतु कागदावर किंमत २०,००० लिहिली असेल तर २०,००० चीच. म्हणून किंमत कमी लिहूं नये.

माल चढवितांना नगवार यादी करावी, छायाचित्रें घ्यावींत, पावती मागावी. उतरवितांना पेट्या उघडून पाहाव्यात, मोडतोड पावतीवरच लिहावी आणि मगच सही करावी. माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आंत वाहकास लेखी नोटीस द्यावी; तोंडी तक्रार पुरत नाहीं. नोटिशीची प्रत आणि टपालाची पोंच जपून ठेवावी.

तरीही दाद न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावें. मुदत दोन वर्षांची आहे. २०१९ च्या कायद्यानें तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यांत करतां येते; हिवरखेडच्या माणसानें त्यासाठीं वाहकाच्या गांवीं खेटे घालण्याचें कारण नाहीं, अकोल्यास गेलें कीं झालें.

सही करण्यापूर्वीं पाव घटका थांबा, एवढेंच माझें सांगणें. हमालांची घाई त्यांची. सामान आपलें आहे.