तिकिटावरचे तास आणि शरीराचे तास

अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मुलं तिकडे शिकायला गेली की कधी आईवडिलांचंही जाणं होतं. शुगर-बीपीच्या माणसाने निघण्याआधी एक हिशोब करायलाच हवा: खरा प्रवास किती तासांचा?

मुंबई ते लंडन घेऊ. हवाई अंतर सुमारे ७,२०० कि.मी. हे अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून नीट मोजता येत नाही. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तोच सर्वांत जवळचा मार्ग. विमानाचा वेग ताशी ८५० ते ९०० कि.मी. धरला तर आठ-साडेआठ तास होतात. चढणं-उतरणं, वळसे आणि समोरचा वारा धरून नऊ-दहा तास लागतात. उंचावरचा वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून येताना वेळ थोडा कमी लागतो.

तिकिटावर मात्र त्या त्या गावची वेळ छापलेली असते. समजा, मुंबईहून दुपारी २ ला निघून लंडनला संध्याकाळी ६.३० ला पोहोचलात. वाटेल साडेचार तासच! पण हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असतं (उन्हाळ्यात साडेचार). ते मिळवा: खरे दहा तास. येताना हाच फरक वजा करायचा.

औषधाला हेच खरे तास लागतात. येताना दिवस आखूड होतो. नुसतं घड्याळ पाहून इन्सुलिन घेतलं तर दोन डोस जवळ येऊन साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, चक्कर ही तिची लक्षणं. म्हणून तिकीट डॉक्टरांना दाखवून डोसच्या वेळा कागदावर लिहून घ्या. इन्सुलिन, गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून वाया जाऊ शकतं.

दुसरी काळजी पायांची. चार तासांहून जास्त वेळ बसून राहिलं तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. धोका मोठा नाही, पण तो रेल्वे-बसमध्येही असतो. म्हणून अमळनेरहून मुंबईपर्यंतचे तासही मोजा. मधूनमधून उठून चाला, बसल्या जागी घोटे फिरवा, पाणी प्या, दारू टाळा. गरोदर बाई, नुकतंच ऑपरेशन झालेले, आधी गुठळी झालेले आणि सिकलसेलचे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावं. मनाने ॲस्पिरिन घेऊ नये.

पोहोचल्यावर, अगदी काही आठवड्यांनीसुद्धा, एकच पोटरी सुजली, दुखली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर लगेच दवाखाना गाठा.

घरातल्या शिकलेल्या मुलीने हा हिशोब वहीच्या पानावर मांडून द्यावा. तो कागद पासपोर्टसोबतच ठेवा.